माझ्याच तळ्यावर माझीच शिट्टी

आदरणीय दादांस,

वयाने धाकट्या आणि पोटाने थोरल्या मेहुण्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असणार हे मी धरून चालतो. आपण आजारी पडलात की कारखान्यातले लोक आम्हाला लगेच आणि फार आनंदाने कळवतात, तसं अजून काही आलेलं नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? माझं विचाराल तर डावा खांदा धरला आहे, दोन दाढा हलताहेत आणि घराच्या भिंतींना ओल आली आहे. कान तेवढे शाबूत आहेत, आणि पुढची सगळी रडकथा या कानांमुळेच घडली आहे.

ही जागा मी शांततेसाठी घेतली हे आपल्याला ठाऊक आहे. जन्मभर शिकाऱ्यांसाठी बदकं बोलवायच्या शिट्ट्या बनवल्या, आणि बनवलेली प्रत्येक शिट्टी स्वतः फुंकून पाहिली. (शिट्ट्या फुंकणाऱ्याला मुलगी कोण देणार, हे आपले त्या वेळचे शब्द. पुढे आपण त्याच कारखान्याची खुर्ची सांभाळलीत, ते असो.) वाटलं, आता उरलेले दिवस कोणी काही फुंकणार नाही अशा ठिकाणी काढावेत. जागा तशीच मिळाली. करडं आभाळ, ओलं गवत, मध्ये तळं, काठाने माणूसभर उंच लव्हाळी, आणि दिवसभर बघायला एकमेकांची तोंडं. आपली बहीण आधी फार हिरमुसली. शेजार नाही, बाजार नाही, लेकीचं घर लांब. मग तिची तळ्यावरच्या रानबदकांशी गट्टी जमली. खिडकीशी खुर्ची टाकून ती दिवसभर त्यांचं ऐकत बसायची, आणि प्रत्येकाला तिने माहेरासासरचं एकेक नातं वाटून दिलं. एक थोरली जाऊ, एक आत्याबाई, एक विहीणबाई. एक बदक काही न करता सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि मागे वळून सगळ्यांवर ओरडायचं. त्याला ती काय म्हणायची हे मी लिहिणार नव्हतो, पण ती त्याला दादा म्हणायची.

एका सकाळी अंथरुणातच मला तळ्याकडून बदकाची साद ऐकू आली आणि मी उठून बसलो. मी हिला म्हटलं, हे बदक नव्हे, हा आपला माल आहे. ड्रिलचं पातं झिजलं होतं त्या वर्षीची शिट्टी, सूर किंचित खाली. ती म्हणाली, झोपा आता, तुम्हाला स्वप्नातही कारखानाच दिसतो. तेवढ्यात बार उडाला.

मी रबरी बूट चढवून तळ्यावर गेलो. लव्हाळ्यात तीन शिकारी बसले होते: गावातले दंतवैद्य (माझ्या दाढा यांच्याच हातात आहेत), बँकेचे मॅनेजर, आणि एक जाडे गृहस्थ, जे कधी बोलत नाहीत आणि ज्यांची ओळख कोणी करून देत नाही. कुंपणाची तार वाकवून आत आले होते. मी लावलेल्या ‘शिकारीस मनाई’च्या पाटीला त्यांनी कॉफीचा थर्मास अडकवला होता. मी रस्ताभर शब्द जुळवत आलो होतो, पण दंतवैद्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “या, या. बसा. जरा हळू बोला, पक्षी बिथरतात.” माझ्याच जमिनीवर त्यांनी मला पाहुण्यासारखं बसवून घेतलं, कपभर कॉफी दिली, आणि वर साखर कमी तर नाही ना हेही विचारलं. उद्या ज्याच्यापुढे आ वासायचा आहे त्याला कुठल्या तोंडाने ओरडायचं, सांगा.

आणि दादा, पुढे जे झालं ते आपल्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. मॅनेजर म्हणाले, ही तुमची शिट्टी हल्ली घोगरी वाजते, साहेब, आणि डबीवर तर आयुष्यभराची हमी छापली आहे. मी ती हातात घेतली. एवढाच विचार होता की हिचा सूर खाली का. खिशात चाकू होता. आतली पत्ती काढली, कडेने दोन वेळा खरवडली, परत बसवली, फुंकून पाहिली. अशी सुरेख वाजली की माझं मलाच भरून आलं. तळ्याच्या पलीकडच्या कडेची सगळी बदकं मान उंचावून थेट आमच्याकडे यायला लागली, पुढे दादा. माझ्या लक्षात येईपर्यंत बार झाला होता. जाडे गृहस्थ त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “वा, कारागिरी आहे.” मी ते बदक पिशवीत जाताना पाहिलं आणि घरी येऊन हिला सांगितलं की दादा बहुधा दुसऱ्या तळ्यावर गेले असतील. ती म्हणाली, असं मला न सांगता ते जाणार नाहीत. (आपण खरे दादा, सुखरूप आहात, हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं, पण सुचलं नाही.)

मग मी डोकं चालवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवी शिट्टी घडवली: बदकं एकमेकांना धोक्याची सूचना देतात तो आवाज. शिकारी आले की मी मागच्या झुडपात बसून ती वाजवायची आणि बंदूक उचलायच्या आधी सगळे पक्षी आभाळात. मॅनेजर चरफडायचे, दंतवैद्य बंदुकीची नळी तपासायचे. मला आयुष्यात एवढी मजा क्वचितच आली असेल. शेवटी शिकारी यायचे बंद झाले. आणि बदकंही. एवढ्या वेळा ‘पळा, पळा’ ऐकल्यावर कोणता शहाणा पक्षी त्या जागी राहील? माझा माल मी नको तितका चांगला बनवला. तळं आता गटारावर झाकण घातल्यासारखं गप्प आहे.

आपली बहीणही गप्प झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने माळ्यावरची बॅग काढायला लावली, पलंगावर उघडी ठेवली, आणि येताजाता तिच्यात एकेक कपडा ठेवायला लागली. लेकीकडे थोडे दिवस जाऊन येते, म्हणाली. थोडे म्हणजे किती, ते ती सांगेना, आणि विचारायचा मला धीर होईना. तिचा स्वेटर त्या बॅगेत गेला त्या दिवशी मी ठरवलं आणि संध्याकाळी, पोट साफ होत नाही म्हणून फिरून येतो असं सांगून, तळ्यावर जाऊन लव्हाळ्यात उकिडवा बसलो. बूट पाण्यात, पाणी बुटात. बोलवायची शिट्टी तोंडात धरली आणि आधी थोरल्या जाऊबाई वाजवल्या, मग आत्याबाई, मग दोघींचं भांडण. घरी आलो तर ती खिडकीशी होती. म्हणाली, “आलीत वाटतं परत.” मी म्हटलं, दोन-चार असतील. स्वेटर बॅगेतून बाहेर आला होता.

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. माझ्या वयाचा माणूस, एवढा कारखाना उभा केलेला, रोज संध्याकाळी चिखलात बसून विहीणबाई वाजवतो. पण तिला ऐकू आलं तसं बाकीच्यांनाही ऐकू आलं. परवा मी रंगात आलो असताना डोक्यावरून छर्रे गेले आणि टोपी उडाली. मी घाबरून ओरडलो, तर दुसरा बार. दंतवैद्य धावत आले, मला बाहेर ओढलं, आणि माफी मागायची सोडून म्हणाले, “चूक आमची नाही हो. तुम्ही ओरडलात तेही बदकासारखंच ओरडलात.” हिला मी सांगितलं की टोपीला कसर लागली आहे.

तेव्हा दादा, आपण थोरले आहात, आपल्या शब्दाला वजन आहे. आपल्या वकिलांकडून त्या तिघांना एक कडक नोटीस जावी, आणि जमल्यास आपण स्वतः येऊन आवाज चढवावा, एवढी विनंती. माझा आवाज त्या कामाचा राहिला नाही. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्याला ऊब.

आपला,
लव्हाळ्यातला मेहुणा

ता. क. नोटिशीचं राहू द्या. माझ्या आवाजाची तारीफ त्या शिकाऱ्यांशिवाय दुसरं कोण करणार? खरी गोष्ट अशी की माझ्या शिट्टीत पाणी जाऊन पत्ती सडली आहे आणि काल आत्याबाईंचा आवाज मध्येच बसला. जुन्या साच्यातली एक शिट्टी पाठवा, पण घरी नको, गावातल्या वाण्याच्या दुकानाच्या पत्त्यावर. बहिणीला यातलं अक्षर कळवू नका. बॅग अजून पलंगावरच आहे आणि रोज मी आधी तिकडे पाहतो.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आज फुंकायला काही नव्हतं म्हणून मी घरीच बसलो होतो, आणि आत्ता तळ्याकडून साद आली. क्षणभर वाटलं, बदकं खरीच आली. पण हा आपला माल आहे, आणि श्वासही ओळखीचा आहे: मध्येच तुटतो आणि दुप्पट जोराने सुरू होतो, माझ्याशी बोलताना आपली बहीण घेते तसा. शिट्टी तिने कुठून काढली, देव जाणे, पण रोजची बदकं कोण होती हे तिला कधीचंच कळलेलं दिसतं. खुर्ची रिकामी आहे. बॅग रिकामी करून भिंतीशी उभी ठेवली आहे. ती तपकिरी शाल पांघरून गेली आहे, अंधारून आलं आहे, आणि कुंपणाशी दंतवैद्यांची गाडी थांबल्याचा आवाज मी ओळखला. मी टेबलावरचं लाल कापड अंगाभोवती गुंडाळून निघालो आहे. आधी त्या तिघांना जन्मात पहिल्यांदा मोठ्याने ओरडून हाकलतो, दाढा राहोत की जावोत, आणि मग तिच्या शेजारी जाऊन बसतो.

शिट्टी एक नको, दोन पाठवा. घरच्याच पत्त्यावर.