एकाच बाजूला फिरणारी कडी

९ जानेवारी, शुक्रवार

इंद्रजीत आज उशिरा वर आला. पाण्यातून वर! आणि जेवताना हे हसत सांगतो. धरणावर शहराच्या पाण्याचे पंप आहेत, त्यांच्यापुढच्या जाळीत जलपर्णी अडकते. ठेकेदाराची पोरं पाठीला हवेची बाटली लावून उतरतात आणि ती काढतात. माझा मुलगा त्यातला एक. वर दोर धरतो तो भारत. तोही जेवायला होता.

“काकू, ह्याला खाली टायमाचं भानच ऱ्हात न्हाय. बाटलीचा हवा दावणारा काटा बी मधनंच चिकटतोय.”

“मग नवी बाटली मागा की.”

“ठेकेदार देतोय व्हय!” भारत म्हणाला.

इंद्रजीतचे वडीलही पाण्यातलेच, पण ह्यांना पाण्यानं नाही नेलं. जन्मभर विहिरीत बुडी मारून लोकांच्या मोटारी काढल्या आणि गेले तापानं, कॉटवर. ह्यांच्या वेळी काठावर एक जण वेळ मोजत मोठ्यानं आकडे म्हणायचा. पाण्यातही ऐकू यायचे म्हणे. धरणात एवढ्या खोल काय ऐकू येणार?

घड्याळ घ्यायचं. पाण्यात उतरणाऱ्याचं.

११ जानेवारी, रविवार

वाचनालयात काही मिळालं नाही. फोनवर वाचलं, कळलं नाही ते पुन्हा वाचलं. ऑटोमॅटिक हवं — सेल नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. सेल बदलायला झाकण उघडलं की पुढं पाणी शिरायची भीती. काढून ठेवलं तर दीडएक दिवसानं थांबतं. कडेची चावी स्क्रूसारखी पिळून बंद होणारी हवी, म्हणजे तिथनं पाणी शिरत नाही. काटे अंधारात चमकायला हवेत.

आणि काचेभोवतीची कडी! उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग किती वेळ झाला ते दिसतं. ती एकाच बाजूला फिरते. धक्का लागून सरकली, तर वेळ जास्त झाला असंच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल. चुकलं तरी जीव वाचवायच्या बाजूनं चुकायचं. कुणाच्या तरी आईनं सुचवलं असणार हे.

१३ जानेवारी, मंगळवार

इंद्रजीतनं गड्ड्याच्या यात्रेतून घड्याळ आणलं. “आई, दोनशे मीटर लिवलंय बघ!” कडी दोन्हीकडं फिरते. मी ते तांब्यात टाकलं. चहा होईपर्यंत काचेत धुकं.

“दोनशे मीटर लांबनं बघायचं आसंल,” आत्या म्हणाल्या. माझ्या ह्या सासूबाईंना मोतीबिंदूनं दिसत नाही, पण जीभ लख्ख!

१५ जानेवारी, गुरुवार

महादेवप्पांच्या घड्याळाच्या दुकानात गेले. “अक्का, सोलापुरात नळाला पाच दिवसाआड पाणी. तुमाला बुडायचं घड्याळ कशाला?” मुलाचं काम सांगितलं. त्यांचं हसू गेलं. आतून दोन काढली.

एक निळं, देखणं — पण चावी नुसती दाबायची. दुसरं जाडजूड, कुरूप. चावी पिळायची. कडी टकटक करत एकीकडंच फिरते, दुसरीकडं हलत नाही. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, घड्याळ आत घेतलं. काटे हिरवे पेटले होते.

“लेकरू झाकल्यागत धरलाव की!”

कुरूप घेतलं.

१७ जानेवारी, शनिवार

इंद्रजीतला आवडलं. दिवसभर कडी फिरवत होता. उद्या रविवार, तरी बोलावलंय — यात्रेच्या गर्दीला पाणी पुरेना, आणि जाळी गच्च झालीय.

आत्यांनी ऐकलं. “उद्या अवस हाय. नवी वस्तू अवसंला अंगाला लावू न्हाय. देवापुढं ठिव, परवा घाल.”

“आत्या, पाण्याला अमावस्या कळत नाही.”

“तू लई वाचतीस. मला एकच नातू हाय.” रडायलाच लागल्या.

इंद्रजीत त्यांच्या पायाशी बसला. “बरं आज्जी, ठिवतो.” मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात — “आई, घालून जातो.”

दोघींना दोन शब्द! बापावर गेलाय. मी हसले.

१८ जानेवारी, रविवार

पहाटे मी आंघोळीला गेले तेवढ्यात तो निघून गेला.

सांजवात लावायला देवापुढं बसले. कुंकवाच्या कोयरीमागं घड्याळ. काचेवर कुंकवाचं बोट. चालू आहे.

आत्यांना दिसत नाही. त्यांना फसवणं किती सोपं होतं! मला फसवलं.

त्याचा फोन लागत नाही. भारतचाही नाही.

१९ जानेवारी, सोमवार

नळाला पाणी आलं. जोरात. म्हणजे जाळी मोकळी झाली.

तो आला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

काल त्याला आणलं. कालच नेलं.

घड्याळ थांबलं होतं. ज्वारीच्या डब्यात तळाशी घातलं.

आत्यांनी चाचपत माझा हात धरला. “माझं ऐकून घड्याळ ठिवून गेला का गं त्यो?”

“नाही आत्या. हातात होतं.”