बाईंनी शिकवलेली जपानी कुस्ती

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मंगरूळपीरचे जुने लोक अजून म्हणतात की तुम्ही आम्हा पोरींना बिघडवलं. म्हणू देत. मी बिघडले ते बरंच झालं.

तुम्ही अमरावतीच्या आखाड्यात जुजुत्सू शिकून आमच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आलात. शाळेमागे कडब्यावर तरट अंथरून आधी आम्हाला नुसतं पडायला शिकवलंत. हनुवटी छातीला टेकवायची, तळहात जमिनीवर आपटायचा. ही विद्या ताकदीची नाही, म्हणायचात तुम्ही. समोरचा ओढेल तिकडंच जायचं आणि त्याच्याच जोरानं त्याला पाडायचं. मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याकडून झटका द्यायचा, मुठीत तेवढीच जागा कच्ची. गावातली मोठी माणसं तक्रार घेऊन आली, पोरींना हे शोभत नाही म्हणाली. तुम्ही पदर खोचलेलाच ठेवून विचारलंत, "पोरीले एकटीले पाण्याले धाडता, तवा काही वाटत नाही तुमाले?" महिन्याभरात तुमची बदली झाली.

पुढचं तुम्हाला कळलंच नाही. आमचा भाजीचा मळा गावाला लागून. भर दुपारी मी वांगी तोडते आहे आणि पाटलाचा भाचा मागून येऊन माझं मनगट धरतो. मी मागं ओढत नाही. तो ओढतो तिकडंच एक पाऊल आत जाते, कंबर त्याच्या पोटाखाली घालते, आणि तो वाफ्यात उताणा. आवाज ऐकून बाबा धावत आले. मला वाटलं, आता मार मलाच बसणार. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "उठ. वांग्याचं मोडलेलं झाड उभं कर, मंग जाय."

चावडीवर आम्हाला बोलावलं. मी त्याच्या पाया पडून माफी मागावी असं ठरलं होतं. मी म्हणाले, "हात त्यानं धरला. मी कायले माफी मांगू?" बाबा माझ्या शेजारून हलले नाहीत. त्यापायी कैक वर्षं घरी सोयरीक आली नाही, पाटलाकडं जाणारी भाजी बंद झाली. माफी मी मागितली नाही ती नाहीच.

तुम्ही पटकीच्या साथीत गेल्याचं पुढं जऊळक्याच्या स्टेशनवर कुणीतरी सांगितलं. म्हणून हे कागद कुठं धाडायचे नाहीतच, आणि म्हणूनच लिहिते. नातींना ही गोष्ट सांगताना मी म्हणते, माझे हात थरथरत होते. बाईमाणसानं तसंच सांगायचं असतं. पण नव्हते थरथरत, बाई. मला फार बरं वाटलं होतं.