चॅनेल सतराचे निष्ठावंत प्रेक्षक

८ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. थोर माणसांच्या रोजनिश्या पुढे कामाला येतात.
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या गावात नगरपालिकेचं चॅनेल सतरा चालवणारा मी एकटा. संचालक मी, निवेदक मी, कॅमेरा मी. नोकरी अर्ध्या वेळेची, डोकं पूर्ण वेळेचं. पंचांच्या सभा दाखवतो. उरलेला दिवस माझ्या आवाजातली गावाची नियमावली चालू: कुंपणाची उंची, सेप्टिक टाक्या, बर्फ उपसणे. लोकांना कायदा कळायला नको? पण गाढवाला गुळाची चव काय!

११ जानेवारी
पेट्रोल पंपावर कॉफी घेताना ऑरिन प्लंबर भेटला. म्हणाला, आमच्याकडे दिवसभर तुझंच चॅनेल. काय आवडतं विचारलं, तर म्हणे, मी कुठे घरी असतो? पण तू वाचायला लागलास की घर कसं गप्प असतं. ऑरिन एकटाच राहतो. प्लंबर लोकांना धड बोलता येत नाही. भावना पोचली.

१६ जानेवारी
पोस्टातली वेल्माही तेच म्हणाली. दिवसभर सतरा. म्हणजे गावात माझे चाहते आहेत आणि इतकी वर्षं लाजत होते.
ठरलं. मार्चच्या गावसभेत नोकरी पूर्ण वेळेची करून मागायची. मार्नीने बजावलंय की नाही झाली तर तिच्या भावाच्या टायरच्या दुकानात बसायचं. बायको असून असं बोलते.

१७ ते ३१ जानेवारी
लिहायला जमलं नाही. चिंतन चालू होतं.

२ फेब्रुवारी
एवढ्या प्रेक्षकांना नियमावली कसली वाढायची? नवा कार्यक्रम सुरू: ‘सडेतोड’. रस्ते, पंच, गावाचं अज्ञान, सगळ्यांची सालटी काढतो. मधे मधे सायरन. पहिल्याच भागात टेबल असं आपटलं की मनगट सुजलं. दिवसभर पुनःप्रक्षेपण.

६ फेब्रुवारी
पंचांच्या अध्यक्षा थिबोडोबाईंचा फोन. अहो, घराघरांत गोंधळ माजलाय, ते आधीचंच लावा ना. म्हटलं, सत्य झोंबतंच. ऑरिन दारात येऊन सांगून गेला की त्याच्या सोफ्याच्या चिंध्या झाल्या. राग फर्निचरवर काढतात ही माणसं! सायरन वाढवला.
डोनट बंद. कॅमेऱ्यात गाल दिसतात.

७ फेब्रुवारी
दोन डोनट. ताण आहे.

२० फेब्रुवारी
रस्त्यात कुणी बोलत नाही. कीर्ती माणसाला एकटं पाडते. मार्नी म्हणाली, भावाने दुकानातल्या डगल्यासाठी तुझं माप विचारलंय.

५ मार्च, संध्याकाळ
शाळेच्या जिममध्ये गावसभा. माझा विषय बीन्सच्या जेवणानंतर आला. भाषण पाठ होतं. त्याआधीच ऑरिन उठला. म्हणाला, हा नियमावली वाचायचा तेव्हा मी टीव्ही चालू ठेवून कामाला गेलो की माझा कुत्रा संध्याकाळपर्यंत गाढ झोपायचा. सायरन लागल्यापासून भुंकतोय आणि घर फाडतोय. मला वाटलं लोक हसतील. माना डोलल्या. वेल्माकडे बीगल कुत्रा आहे. शाळेच्या मास्तरांकडे दोन आहेत.
कुणीतरी विचारलं, कुत्र्यांवर गावाचा पैसा का? ऑरिन म्हणाला, तुमच्या पोरांच्या शाळेवर घालतो तेव्हा मी काही बोलतो का?
थिबोडोबाईंनी दुरुस्ती मांडली: नोकरी पूर्ण वेळेची करावी, मात्र त्याने नियमावलीच वाचावी, तीही हळू आवाजात. एकमताने मंजूर. मार्नीचा हात सगळ्यांत आधी वर.

६ मार्च
जिंकलो. पूर्ण वेळ मिळाला, टायर टळले. शेवटी लोकांनी दर्जालाच मत दिलं.
सकाळी नियमावलीतलं फुटपाथचं प्रकरण नव्याने रेकॉर्ड करून लावलं. दहा मिनिटांत थिबोडोबाईंचा फोन. आवाज छान लागलाय हो, पण त्या कलमात ‘फिरायला’ असा शब्द येतो. तो ऐकला की सगळे उठून दाराशी जाऊन बसतात. तेवढा गाळा.
स्पष्ट सांगितलं, हा कायदा आहे, यातली वेलांटीसुद्धा मी हलवणार नाही.
दुपारी पुन्हा रेकॉर्ड केलं. गाळला.