नॉमिनीच्या रकान्यातलं नाव

प्रिय मावशी,

हे पत्र मामींच्या हाती देऊ नकोस. त्या वाचून दाखवते म्हणाल्या तरी नको. तू बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून मोठं अक्षर काढतोय. दोन दिवस लागले तरी चालेल, पण तूच वाच. शुद्धलेखनाकडे बघू नकोस. सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, हा वाद अजून मिटलेला नाही.

माझं बरं चाललंय. फरशी बसवायच्या कामाला लागून आठ महिने झाले. एका जागी आठ महिने, म्हणजे तू ज्याला भिंगरी म्हणतेस त्याच्या मानानं म्हातारपणच आलं म्हणायचं. दिवसभर गुडघ्यांवर असतो. गुडघ्यांना जुन्या गादीचे तुकडे बांधतो, तरी संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मुकादम म्हणतो, लोक जन्माची कमाई घालून घर घेतात आणि पहिल्याच दिवशी चपला घालून तुझ्या कामावरून चालतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. एका खोलीत आम्ही आठ जण राहतो. त्यात एकाला सगळे अर्धा वकील म्हणतात. तो पूर्वी सहा वर्षं एका वकिलाकडे फायली उचलायचा आणि चहा द्यायचा. चहा देता देता कायदा कानावर पडला, एवढंच त्याचं शिक्षण. पण कुणाचाही कागद असला की आम्ही आधी त्याला दाखवतो.

तू घरात आलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुला आई म्हणणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. बाबांनी हात उगारला आणि तू मध्ये पडलीस. म्हणालीस, मग मावशी म्हण, हाक मारल्याशी कारण. पुढे मी गॅरेजला लागलो, बेकरीत लागलो, छपाईच्या कारखान्यात लागलो, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन हजर. डबा हे निमित्त. तुला मालकाचं तोंड बघायचं असायचं. गॅरेजवाल्याला तू सांगितलंस, याला उंचावर चढवू नका, गरगरतं त्याला. सगळी पोरं हसली. मी त्याच संध्याकाळी ते काम सोडलं आणि दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. ताट मात्र तुझ्याकडूनच वाढून घेत होतो.

बाबांच्या शेवटच्या दीड वर्षात मी चारदा आलो. चारदाच. तू त्यांना कुशीवर वळवायचीस, त्यांची दाढी करायचीस, आणि मी दारात उभा राहून परतीच्या गाडीची वेळ बघायचो. ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी सोसायटीच्या ऑफिसातून घराचा तो कागद आणला. नॉमिनीच्या रकान्यात माझं एकट्याचं नाव. तुझं कुठेच नाही. मला वाटलं, बाबांनी शेवटी रक्त ओळखलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी म्हणालो, घर माझं आहे, तू तुझ्या भावाकडे बघ. तू कागद हातात घेतलास, उलटा-सुलटा केलास आणि परत दिलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं, मला राग धरायला काहीतरी मिळालं असतं. तू एका पिशवीत चार साड्या आणि चष्म्याचं घर भरलंस. दारातून मागे वळून म्हणालीस, कुकरच्या अजून दोन शिट्ट्या होऊ देत, मग बंद कर.

त्या शिट्ट्या मी मोजल्या, मावशी. जेवलो नाही, पण मोजल्या.

आता घराचं. मी ते विकायला काढलंय, हे तुला कुणी सांगितलं नसेल. इथे एकाच्या भागीदारीत फरशीची कामं अंगावर घ्यायची माझी इच्छा होती. मुकादमाच्या शिव्या खाण्यापेक्षा आपणच मुकादम व्हावं म्हटलं. एजंटानं गिऱ्हाईक आणलं, नवराबायको दोघं मास्तर. त्यांनी बयाणा दिला आणि मी त्यातून फरशी कापायचं मशीन घेऊनही बसलो. मग त्यांच्या वकिलाचा फोन आला. पहिलाच प्रश्न, वारस किती? मी म्हटलं, एक. त्यानं विचारलं, वडिलांची बायको हयात आहे का? मी म्हटलं, ती सावत्र आहे. तो म्हणाला, अहो, तुमची सावत्र असेल, त्यांची तर लग्नाचीच ना?

अर्ध्या वकिलाला कागद दाखवला. तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, लेका, तू मालक कुठला, तू राखणदार! माणूस गेला की सोसायटीनं बोलायचं कुणाशी, एवढ्यापुरता नॉमिनी. घर त्याचं होत नाही, वारसांचं होतं. मृत्युपत्र आहे का? नाही. घर वडिलांच्या स्वतःच्या कमाईचं का? हो. मग अर्धं तुझं आणि अर्धं त्या बाईंचं. कुठे असतात त्या? मी सांगितलं, मी त्यांना बाहेर काढलं. मग तो हसला नाही. पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तरी मी मनाची समजूत घालत होतो की कायदा काही म्हणो, बाबांची इच्छा तर तीच होती. ना हरकत दाखल्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला, तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं. ते म्हणाले, कुणाची इच्छा? तुझ्या वडिलांनी तर बाईंचंच नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या, नवा फॉर्म मागितला, आणि माझ्यासमोर तुझ्या वडिलांकडून तुझं नाव लिहून घेतलं. मी म्हटलंही, बाई, तुमचं काय? तर म्हणाल्या, माझं काय, मी घरातच आहे. त्याचं नाव कागदावर असलं, की कुठेही भटकला तरी त्याला परत यावंसं वाटेल.

मावशी, तो कागद तुझ्या हातात दिला तेव्हा तुला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तर मी तिथेच गप्प झालो असतो. का बोलली नाहीस, ते मला विचारायचं नाही. विचारायचं तोंड नाही.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. गेल्या रविवारी मी फोनवर सांगितलं ना, की एजंट गाडी घेऊन येईल, लाईटचं मीटर नावावर करायचंय, त्याच्याबरोबर जाऊन सही कर? ते मीटरचं नाही. ते हक्कसोडपत्र आहे. त्यात लिहिलंय की घरातला तुझा हिस्सा तू मला राजीखुशीनं सोडलास. नोंदणीच्या ऑफिसात तुझा फोटो काढतील, अंगठा घेतील, आणि कारकून विचारेल, मान्य आहे का? काहीही विचारलं तरी हो म्हण, असं मीच तुला शिकवलं. तू फोनवर दोनदा म्हणूनही दाखवलंस, हो, हो. तिथे नाही म्हण. त्यापेक्षा गाडीत बसूच नकोस. घराची किल्ली शेजारच्या शिंप्याकडे आहे, तुला द्यायला त्याला सांगितलंय. जा आणि राहा. हे फोनवर सांगणार होतो, तीनदा लावला, पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडातून गोड गोड आणि खोटंच निघतं. मशीनचे पैसे खर्च झालेत आणि एजंट रोज धमकावतो. मला माझा भरवसा नाही. पुढच्या आठवड्यात कदाचित मीच फोन करीन. म्हणेन की पत्रातलं विसर, रागाच्या भरात लिहिलं होतं, एक सही कर, मी अडचणीत आहे. रडेनसुद्धा. तेव्हा फोनवरच्या भिंगरीचं ऐकू नकोस. आजवर तू मला कशालाच नाही म्हणालेली नाहीस. तेवढं एकदा म्हण.

तुझाच,
भिंगरी