पाच शब्दांची तयारी

प्रिय ठकू,

तू आठ-नऊ वर्षांची असशील. किराणा दुकानात पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की यादी घरीच राहिली. तू हाताची घडी घातलीस आणि चौदा जिन्नस ओळीने म्हणून दाखवलेस, साबणाच्या रंगासकट. दुकानदार म्हणाला, "बाई, ही तुमच्या वरताण निघाली." मी हसण्यावारी नेलं, पण घर येईपर्यंत वाटेत भेटलेल्या तिघींना ते सांगून झालं होतं. तुझ्या हुशारीची मला फार मिजास होती, बाळा.

हे पत्र एका दमात वाचू नकोस. थकलीस की बाजूला ठेव, चहा घे. घाई नाही.

औषधांच्या दुकानातून तुला घरी पाठवलं त्याला आता तीन आठवडे होतील. एका आजोबांच्या पाकिटात दुप्पट ताकदीच्या गोळ्या गेल्या. त्यांच्या सुनेने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही. "डॉक्टरांचा दाखला तर सगळं उत्तम असल्याचा आहे, मग हा निष्काळजीपणाच म्हणायचा ना?" एवढंच म्हणाल्या. सोळा वर्षांत त्या काउंटरमागे तुझी एक चूक नव्हती. आता नवी तपासणी करून आण, मग नोकरीचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. आणि जावईबापू मला विचारतात, "आई, रिपोर्ट चांगला, चालते-बोलते नीट, मग हिचं लक्ष असतं तरी कुठे?" दूध उतू जातं, बोलता बोलता तुझा धागा सुटतो, दोघं एकदम बोलले की तू चिडतेस. परवा तर मान खाली घालून तूच म्हणालीस, "मी आळशी झालेय." मी वर "जरा लक्ष देत जा," असं म्हणाले. तू आळशी नाहीस हे ठाऊक असलेलं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

अडतिसाव्या वर्षी तुला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तुझ्या हाताकडे. महिन्याभरात तू कप उचललास आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मग ती पहिली तपासणी. मी तुझ्या शेजारी बसले होते. डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. तुला एकच आठवला. घड्याळ काढायला सांगितलं, तर सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने बसलेले. त्या म्हणाल्या, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू आणि पुढचे उपचार किती दिवस लागतील ते ठरवू. मला त्यातलं 'पुन्हा' तेवढं ऐकू आलं. फेरपरीक्षा.

घरी आल्या आल्या सगळे प्रश्न आठवून मी निळ्या वहीत उतरवले. मग रोज सकाळी तुझी उजळणी. दिवा, लिंबू, चाक, पडदा, हिरवा. दोन वाजून चाळीस मिनिटांचं घड्याळ तू किती वेळा काढलंस याची गणतीच नाही. "बाई, छडी तेवढी आणायची राहिली," असं तू हसून म्हणायचीस, आणि त्यावर मीही हसायचे. तीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये मुलींच्या बाहीतल्या चिठ्ठ्या शोधल्या. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, काय शिकवायचं ते आम्हाला त्यावरूनच कळतं. पुढे मीही माझ्या वर्गातल्या मुलींना तेच सांगत आले. तुझी मात्र एकही जागा मी कोरी राहू दिली नाही.

दुसऱ्या वेळी तेच शब्द आले. तुला पैकीच्या पैकी. घरी काही अडचण येते का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा तू तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "छे, अगदी पहिल्यासारखी आहे." तू माझ्याकडे पाहिलंस. उपचार तिथेच थांबले. तुझ्या हाती कामावर रुजू व्हायचा दाखला पडला आणि तो मी मिळवून दिला म्हणून मला धन्य वाटलं.

मागच्या रविवारी तुझ्या चिमुरडीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आजी, आईला एका वेळी एकच सांगायचं, मग ती बरोबर करते. तू एकदम खूप सांगतेस, शाळेतल्यासारखं." सात वर्षांच्या पोरीला नुसतं बघून कळलं. मला कळलेलं होतं, ठकू, पण ते मान्य करायचं नव्हतं.

आता पत्राचं कारण. काल फोनवर तू म्हणालीस, "आई, गुरुवारी तपासणी आहे. बुधवारी येऊन माझी तयारी करून घेशील ना?" मी सवयीने हो म्हणाले. मी येणार नाही. जे येईल ते सांग, न येईल तिथे कोरं सोड, आणि घरच्या अडचणी तुझ्या तूच सांग. नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. पण उपचार पुन्हा सुरू व्हायचे तर तुला काय जमत नाही ते त्यांना दिसायला हवं. सोबत तीन गोष्टी ठेवल्या आहेत. निळी वही डॉक्टरबाईंना, तपासणी सुरू व्हायच्या आधी. तुला काय काय पाठ आहे ते त्यांना कळू दे. पांढरं पाकीट मालकीणबाईंना, त्यांच्याच हातात. त्या दाखल्यामागे कोण होतं ते त्यात लिहिलंय. तपकिरी पाकीट जावईबापूंचं. ते आजच दे, आणि ते वाचत असतील तेव्हा समोर बसून राहा. उठून चहा करायला जाऊ नकोस.

तुझीच,
आई