ऑफिसातल्या बाईंचा रिपोर्ट

१२ मार्च

ताईस,
सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. तू, भाऊजी आणि मुलगी बरी असाल. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण फाडू नकोस, अर्धं तरी वाच.

एक सहज विचारायचं होतं. एस.ओ.एल. म्हणजे काय गं? ऑफिसातल्या एका बाईंच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलंय.

मी आपली ज्याला त्याला विचारत सुटलेय. आमचे वकीलसाहेब (अजून त्यांच्याकडेच टायपिंग करते) म्हणाले, दावा लावायची मुदत. शेजारच्या फिजिक्सच्या मास्तरांनी प्रकाशाचा वेग सांगितला, वर अर्धा तास शिकवणीही घेतली. हे कुणाचं तरी वॉशिंग मशीन उघडून बसले होते. आत घातलेलं डोकं बाहेर न काढताच म्हणाले, पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल, जळली तर बदलायची, दहा मिनिटांचं काम. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, देवा, हाच अर्थ असू दे.

ताई, ऑफिसातल्या बाई वगैरे कोणी नाही. रिपोर्ट माझा आहे. आणि अर्थही मला पहिल्याच दिवशी कळला होता. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, यकृतात काहीतरी जागा अडवून बसलंय, साधं की वाईट ते पुढच्या तपासणीत कळेल. त्यानंतर मी बाकीच्यांना विचारत फिरले. ह्यांना अजून पत्ता नाही. रिपोर्ट चादरींच्या घडीत आहे, अकरा दिवस झाले.

आईचा रिपोर्टही मी असाच दडवला होता. तुझे दिवस भरत आलेले, तुझ्या जिवाला घोर नको, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. तू नर्स, तू आजाराचं सरळ नाव घेतलं असतंस, आणि ते ऐकायची माझी छाती नव्हती. तू आलीस तेव्हा आईने तुला ओळखलंसुद्धा नाही. "मला दोन महिने मिळाले असते," एवढंच म्हणालीस.

पुढच्या शुक्रवारी दहाला तपासणी आहे. सोबत कोण येणार, असं फॉर्मवर विचारलं होतं. मी तुझं नाव लिहून आलेय, नात्याच्या रकान्यात 'बहीण'. खोडायचं असेल तर तू स्वतः येऊन खोड.

तुझी भित्री,
धाकटी