पडद्यावर दाखवलेला पाय

तीर्थस्वरूप अक्का,

देवापुढे बसलो की पहिला नमस्कार तुला करतो, तोच इथे लिहितो.

सोमवारी सकाळी हात जोडून नव्या नोकरीतला पहिला फोन एका दवाखान्यात लावला. घरबसल्या पडद्यावरून डॉक्टरांना दाखवायची सोय आमची कंपनी दवाखान्यांना विकते. माझं काम नुसतं फोन करून साहेबांसाठी भेटीची वेळ मागण्याचं. शेजारी सगळी भाच्याच्या वयाची मंडळी, पण मला जपतात.

त्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी दाखवलंत का असं?"

समोरच्या छापील कागदावर उत्तर होतं, 'हो, नेहमीच.' माझी जीभ वळेना. "नाही," म्हणालो.

"मग आधी दाखवा, आणि मग मला सांगा."

तेव्हापासून एकच विचार, काचेतून डॉक्टरांना दिसतं तरी काय? दाखवायला माझ्याकडे पाय होताच. तू विचारायचीस तेव्हा मी बूट घट्ट आहेत म्हणायचो. खरं तर सूज पाच महिन्यांची आहे. रागावू नकोस.

काल आमच्याच कंपनीच्या सोयीतून एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पाय कॅमेऱ्यापुढे धरून अंगठ्याने दाबायला लावला. खड्डा पडला, तो लवकर भरेना. इतक्या लांबून त्या तो खड्डा निरखत होत्या, याचं मला नवल वाटलं. मग म्हणाल्या, "रक्त, लघवी तपासून घ्या. आता टाळू नका."

तुझे गुडघे कसे आहेत? दाजी फिरायला जातात का?

आज सकाळी तपासणीला रक्त दिलं. तिथल्याच बाकावरून सोमवारच्या त्या फोनवरच्या बाईंना फोन लावला आणि म्हणालो, "दाखवला."

तुझा धाकटा